हिरवा गर, पिवळा बलक, खरपूस पाव

सिडनीच्या डार्लिंगहर्स्ट भागात १९९३ साली बिल ग्रेंजर या तरुणाने 'बिल्स' नावाचं छोटंसं उपाहारगृह सुरू केलं. स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. न्याहारीला त्याने काही साधेच पदार्थ ठेवले. त्यातलाच एक म्हणजे भाजलेल्या पावावर पिकलेल्या ॲव्होकाडोचा गर, वर लिंबू आणि मीठ. जगभरच्या कॅफेंमध्ये आज मिळणाऱ्या ॲव्होकाडो टोस्टच्या लोकप्रियतेचं श्रेय बहुतेक वेळा याच जागेला दिलं जातं. ग्रेंजरचं डिसेंबर २०२३मध्ये निधन झालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची ओळख याच पदार्थावरून करून दिली. अर्थात, पावावर हा गर लावून खाण्याची कल्पना काही त्याची नव्हे. चिलीमध्ये न्याहारीला आणि संध्याकाळच्या चहाबरोबर कुस्करलेला ॲव्होकाडो लावलेला पाव घरोघरी खाल्ला जातो, आणि मेक्सिकोत तर हाच गर मक्याच्या तोर्तियावर पूर्वापार लावला जात आला आहे.

मुंबई-पुण्याच्या कॅफेंमधून हा टोस्ट आता घरच्या ओट्यावर येऊ लागला आहे. त्यावर अंडं घातलं की तो पोटभरीचा होतो, आणि सगळी तयारी असेल तर पंधरा मिनिटांच्या आत ताटलीत पडतो. 'हेल्दी' म्हणून त्याचा बराच बोलबाला झाला आहे. हे कौतुक बहुतेक करून एकट्या ॲव्होकाडोच्या वाट्याला येतं. प्रत्यक्षात टोस्ट पौष्टिक होतो तो फळ, अंडं आणि पाव या तिघांच्या जोडणीमुळे. फळात प्रथिनं जेमतेम असतात, ती अंडं देतं. अंड्यात तंतू अजिबात नसतात आणि क जीवनसत्त्वही नसतं, ती उणीव फळ भरून काढतं. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, तर अंड्यात ते भरपूर असतं. यातला एक जरी भिडू चुकीचा निवडला, तरी उरलेल्या दोघांचे गुण निम्मे वाया जातात. आणि घरी सर्वांत जास्त चुकतो तो पाव.

आधी फळाची ओळख करून घेऊ. ॲव्होकाडो हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. मेक्सिकोतल्या तेवाकान खोऱ्यातल्या कोशकात्लान गुहेत त्याचे हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याचं कुळ मराठी घराला चांगलंच परिचयाचं आहे, कारण मसाल्याच्या डब्यातली दालचिनी आणि तमालपत्र त्याच कुळातली.

बाजारात खडबडीत सालीचं, पिकल्यावर काळपट जांभळं होणारं जे आयात फळ दिसतं, ती 'हास' जात. तिची कथा सांगण्यासारखी आहे. रुडॉल्फ हास हा कॅलिफोर्नियातला पोस्टमन. १९२०च्या दशकात त्याने थोडी जमीन घेऊन ॲव्होकाडोच्या बिया लावल्या. उगवलेल्या रोपांवर त्या काळच्या नावाजलेल्या 'फुएर्ते' जातीचं कलम करायचं असा बेत होता. एका रोपावर कलम काही केल्या धरेना, तेव्हा ते तसंच वाढू दिलं. त्याला लागलेली फळं दिसायला फारशी देखणी नव्हती, पण चव सरस होती आणि गर दाट. १९३५ साली हासने या जातीचं पेटंट घेतलं. त्या काळी रोपवाटिकेतून एक रोप घ्यायचं आणि त्यावरून कितीही कलमं बांधायची असा प्रकार सर्रास चाले, त्यामुळे पेटंटमधून त्याच्या हाती फार थोडे पैसे आले. जगातलं प्रत्येक हास झाड त्या एका झाडाच्या कलमांतून आलेलं आहे. ते मूळ झाड मुळं कुजण्याच्या रोगाने २००२ साली गेलं.

भारतात हे फळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेमार्गे आलं, असं सांगतात. आज ते तमिळनाडूतल्या पळनी आणि निलगिरीच्या डोंगरांत, केरळच्या वायनाडमध्ये, कर्नाटकातल्या कोडगूमध्ये आणि तिकडे सिक्कीममध्ये पिकतं. दक्षिणेत त्याला 'बटर फ्रूट' म्हणतात, आणि दूध-साखर घालून त्याचा घट्ट ज्यूस करण्याची तिथे जुनी पद्धत आहे. कोडगूतल्या चेट्टळ्ळी इथल्या फळबाग संशोधन केंद्राने 'अर्का सुप्रीम' आणि 'अर्का कूर्ग रवी' या जाती दिल्या, तर तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने 'टीकेडी-१' दिली. पावसाळ्याच्या आसपास महाराष्ट्राच्या बाजारात दक्षिणेकडून येणारी मोठी, गुळगुळीत, हिरव्या सालीची फळं याच पट्ट्यातली.

ही दोन प्रकारची फळं वेगवेगळी वागतात, हे घरी टोस्ट करणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. हासच्या १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्धांश आणि १६०-१६५ कॅलरी असतात. गुळगुळीत हिरव्या सालीच्या जातींमध्ये पाण्याचा अंश जास्त आणि स्निग्धांश कमी, बरेचदा १० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणून हासचा गर पावावर घट्ट बसतो आणि देशी फळाचा गर सैल पडून पाव ओला करतो. देशी फळ स्वस्त पडतं, ताजं मिळतं, कॅलरीही कमी. त्याला नाकारण्याचं काहीच कारण नाही. त्याचा गर कुस्करून न लावता जाड फोडी करून पावावर मांडाव्यात, म्हणजे पाव ओला होत नाही.

रंगावरून पारख करण्याचा नियमही हासपुरताच. हिरव्या सालीच्या कित्येक जाती पूर्ण पिकल्या तरी हिरव्याच राहतात, आणि काळ्या पडण्याची वाट बघता बघता आतून नासून जातात. खात्रीची खूण म्हणजे हात. फळ तळहातात घ्यावं आणि सगळी बोटं मिळून हलकेच दाबावं. देठाजवळ किंचित दबलं की ते कापायला तयार. अंगठ्याने एका जागी दाबू नये, तिथेच आत काळा डाग पडतो. सगळीकडून मऊ लागत असेल, किंवा साल आतल्या गरापासून सुटून पोकळ वाटत असेल, तर वेळ निघून गेली असं समजावं.

हे फळ झाडावर मऊ होत नाही. तयार फळ फांदीवर कित्येक आठवडे टणकच राहतं आणि तोडल्यावरच पिकायला लागतं. म्हणून मंडईतून टणक फळ आणणं उत्तम, फक्त चार-सहा दिवस आधी आणावं. लवकर हवं असेल तर कागदी पिशवीत एखाद्या पिकलेल्या केळ्यासोबत ठेवावं. केळ्यातून निघणारा एथिलीन वायू पिकण्याची क्रिया वेगाने पुढे नेतो, आंब्याच्या अढीतही हेच घडत असतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीने ते नीट पिकत नाही. पिकल्यावर मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस निघतात. मायक्रोवेव्हमध्ये घालून मऊ करण्याची युक्ती लोक सांगतात. त्याने फळ मऊ होतं, पिकत नाही, आणि चव कच्चीच राहते.

कापण्याआधी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावं. साल खायची नसली तरी सालीवरचे जंतू सुरीबरोबर गरात उतरतात. मग पाटावर आडवं ठेवून उभी सुरी बीपर्यंत घालायची, फळ फिरवत पूर्ण गोल चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी उलटसुलट पिळायचं. बी एका अर्ध्यात राहते. अर्धं फळ तळहातावर धरून बीवर सुरीचा घाव घालणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. तसं मुळीच करू नये. गुळगुळीत बीवरून घसरलेली सुरी थेट हातात शिरते, आणि अशा जखमा घेऊन येणाऱ्या रुग्णांमुळे ब्रिटनमधल्या शल्यविशारदांनी २०१७मध्ये या फळावर धोक्याची सूचना छापावी असं सुचवलं होतं. चमच्याने बी सहज निघते.

आता त्यातल्या स्निग्धांशाबद्दल. फळात इतकी चरबी, हे ऐकून बरेच जण बिचकतात. पण या चरबीतला मोठा वाटा ओलेइक आम्लाचा, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतं त्याच प्रकारचा आहे. सोबत १०० ग्रॅममागे जवळजवळ ७ ग्रॅम तंतू, ४८५ मिलिग्रॅम पोटॅशियम आणि फोलेट मिळतं, तर साखर एक ग्रॅमही नसते. हार्वर्डच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक लोकांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून दोन वेळा किंवा जास्त ॲव्होकाडो खाणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आढळलं. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. ॲव्होकाडो खाणारी माणसं एकूणच खाण्यापिण्याची जास्त काळजी घेणारी असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय फळाला देता येत नाही. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका प्रयोगात सुमारे हजार लोकांपैकी निम्म्यांना सहा महिने रोज एक ॲव्होकाडो खायला दिला. पोटाच्या आतली चरबी त्यामुळे घटली नाही, वजन वाढलंही नाही, आणि वाईट कोलेस्टेरॉल किंचित खाली आलं. चांगलं फळ आहे, औषध नव्हे, एवढाच अर्थ यातून काढावा.

या चरबीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. टोमॅटोतलं लायकोपीन, गाजरातलं बीटा कॅरोटीन हे पदार्थ चरबीत विरघळतात. सोबत चरबी नसेल तर ते पोटातून तसेच पुढे जातात. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात २००५ साली झालेल्या अभ्यासात टोमॅटोच्या साल्सामध्ये ॲव्होकाडो मिसळल्यावर लायकोपीनचं शोषण चारपटीहून जास्त झालं. अंड्याच्या बलकातली चरबीही असंच काम करते. म्हणून या टोस्टवर टोमॅटोच्या दोन चकत्या किंवा मूठभर किसलेलं गाजर केवळ रंगासाठी घालू नये, चांगलं हात सोडून घालावं.

आता पावाकडे वळू.

दुकानात 'ब्राउन ब्रेड' म्हणून जे मिळतं, त्याचा तपकिरी रंग बरेचदा कॅरमेलचा असतो. आत मुख्यत्वे मैदाच. पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, त्यामुळे पहिला शब्द वाचला की निम्मं काम होतं. तिथे 'आटा' किंवा 'संपूर्ण गव्हाचं पीठ' असेल तर घ्यावा. 'मैदा' असेल, पुढे कुठेतरी थोडा आटा आणि शेवटी 'आयएनएस १५०' हा रंग असेल, तर तो पांढराच पाव समजून मागे ठेवावा. 'मल्टिग्रेन' या शब्दाने भुलू नये. त्या नावाच्या पावातही मुख्य पीठ मैद्याचंच असू शकतं. तंतूंचा आकडाही बघावा. १०० ग्रॅममागे सहा ग्रॅमच्या वर असेल तर पाव खरोखर अख्ख्या धान्याचा असण्याची शक्यता बरीच.

गोव्यात राहणाऱ्याला तर शोधाशोध करायची गरजच नाही. सकाळी सायकलवरून हॉर्न वाजवत येणाऱ्या पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कोंडा लावलेली पोई मधोमध चिरून भाजली, की ती या कामाला फार छान. रात्रीची उरलेली ज्वारीची भाकरी तव्यावर तेल न लावता कडक केली, तरी तिच्यावर हा गर उत्तम लागतो. भाकरीचा खमंगपणा आणि गराचा मऊपणा यांचं जमतंही छान, कदाचित पावापेक्षाही जास्त.

पाव भाजताना रंग सोनेरी ठेवावा. भाजल्यावर जो सुवास सुटतो तो साखर आणि अमिनो आम्लांच्या रासायनिक क्रियेतून येतो. फ्रान्सच्या लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हीच क्रिया पुढे गेली, पाव करपला, की ॲक्रिलामाइड हा नको असलेला पदार्थ वाढतो. टोस्टर नसला तरी बिडाच्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं पुरतात. भाजलेला स्लाइस सपाट ताटलीत टाकला तर वाफेने खालून मऊ पडतो. जाळीवर किंवा दोन वाट्यांना टेकवून उभा ठेवावा. गर आणि अंडं तयार होईपर्यंत तो कुरकुरीत राहतो.

अंड्याच्या बाबतीत सगळा खेळ तापमानाचा. पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला गोठायला लागतो, पण त्यातलं मुख्य प्रथिन ८० अंशांच्या आसपास घट्ट होतं. बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान आळतो. पांढरा भाग शिजलेला आणि बलक दाटसर पण ओला हवा असेल, तर बाहेरून उष्णता आत पोहोचण्याआधी अंडं पाण्यातून काढणं एवढाच त्यावर उपाय. पाणी आधी खळखळ उकळू द्यावं, अंडं डावाने अलगद आत सोडावं, आच मध्यम करावी आणि घड्याळ लावावं. साडेसहा-सात मिनिटांत बलक मधासारखा दाट मिळतो. काढल्याबरोबर थंड पाण्यात टाकावं, नाहीतर आतल्या उष्णतेने ते शिजतच राहतं. गार पाण्यात घालून मग उकळण्यापेक्षा या पद्धतीने सालही सोपी निघते. अगदी ताजं अंडं मात्र सोलताना त्रास देतं. अंडं जुनं होत जातं तसा कवचातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढऱ्या भागाची आम्लता कमी होते आणि तो आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही. उकडायला चार-आठ दिवसांपूर्वीचं अंडं बरं.

पोच्ड अंड्याचं नेमकं उलटं. तिथे ताजंच हवं. फोडलेलं अंडं आधी बारीक गाळणीत धरावं, पाणचट पांढरा भाग खाली गळून जाऊ द्यावा आणि उरलेलं घट्ट अंडं वाटीतून, उकळी न फुटलेल्या पण चांगल्या गरम पाण्यात सोडावं. पाण्यात पसरणाऱ्या पांढऱ्या चिंध्या या एका कृतीने थांबतात. व्हिनेगरचे चार थेंब चालतात, पण गाळणी जास्त कामाची. ज्यांना एवढं करायचं नाही त्यांनी चमचाभर तेलात झाकण ठेवून हाफ फ्राय करावं, तोही टोस्ट तितकाच चांगला.

गरोदर बाई, लहान मूल किंवा घरातलं वयस्कर माणूस खाणार असेल तर बलक पूर्ण घट्ट करावा, कारण साल्मोनेलाचा धोका कच्च्या बलकात उरतो. त्यासाठी दहा-अकरा मिनिटं पुरेत. त्याहून जास्त उकडलं तर बलकाभोवती हिरवट कडा येते. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातून निघणारा गंधकयुक्त वायू यांच्या संयोगाने ती बनते. अपाय काही नाही, वास मात्र उग्र होतो. कच्चं अंडं जास्त ताकद देतं ही समजूत तर सोडूनच द्यावी. बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या मोजणीत शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली जेमतेम ५१ टक्के.

कोलेस्टेरॉलच्या भीतीने बलक फेकून देणारे लोक अजून घरोघरी आहेत. एका अंड्यात ते १८५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि सगळं बलकातच असतं, हे खरं. पण बहुतेकांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर आहारातल्या संपृक्त चरबीचा परिणाम अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा बराच मोठा असतो. अमेरिकेच्या २०१५च्या आहार-मार्गदर्शक तत्त्वांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकण्यात आली. कोलीन, ड जीवनसत्त्व, डोळ्यांना उपयोगी ल्युटीन हे सगळं बलकातच असतं. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. बाकी निरोगी माणसाने रोजच्या एका अंड्याचा बलक टाकून देऊ नये.

जोडणी अगदी शेवटी करायची. गर कापला की हवेतला ऑक्सिजन आणि गरातलं एक विकर मिळून तो तपकिरी करू लागतात, लिंबाच्या आंबटपणामुळे ती क्रिया मंदावते. वाटीत अर्ध्या लहान फळाचा, म्हणजे साधारण ६० ग्रॅम गर घ्यावा, त्यावर लिंबू पिळावं, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मिरपूड घालून काट्याने भरडसर कुस्करावा. पार गुळगुळीत केला तर तोंडात काही लागत नाही. मीठ चिमटीनेच, कारण पावात ते आधीच असतं. मग पावावर गर, त्यावर टोमॅटो, वर अर्धं कापलेलं अंडं. सर्वांत वर कारळ्याची किंवा जवसाची चटणी भुरभुरावी. कॅफेंमध्ये इथे परदेशी चिली फ्लेक्स आणि बिया येतात, पण कारळ्याचा खमंगपणा या मऊ, सौम्य गराला जी चव आणतो ती त्यांना जमत नाही.

असा एका स्लाइसचा टोस्ट सुमारे २७० कॅलरींचा होतो. त्यात साधारण ११ ग्रॅम प्रथिनं आणि सहा-सात ग्रॅम तंतू. दोन जाड स्लाइस, त्यांना लोणी, अख्खं हास फळ, दोन तळलेली अंडी आणि वर चीज असं केलं तर हाच आकडा सहाशेच्या पुढे सहज जातो. पदार्थाचं नाव दोन्हीकडे तेच राहतं.

उरलेल्या अर्ध्या फळातली बी तशीच ठेवावी, उघड्या गरावर लिंबू चोळावं आणि प्लास्टिकचा कागद गराला अगदी चिकटवून फ्रिजमध्ये ठेवावं. दुसऱ्या दिवशी वरचा पातळ तपकिरी थर खरवडला की आत गर हिरवा असतो. पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती मध्यंतरी पसरली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला, कारण सालीवरचे जंतू त्या पाण्यात वाढतात. मूत्रपिंडाच्या विकारात ज्यांना पोटॅशियम मर्यादित ठेवायला सांगितलं आहे त्यांनी हे फळ विचारूनच खावं, आणि रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही, कारण त्यातल्या काहींना ॲव्होकाडो आणि केळंही सोसत नाही. घरात पोपट किंवा इतर पक्षी पाळलेला असेल तर ताटलीतला तुकडा त्याच्यापुढे टाकू नये. या फळातलं पर्सिन माणसाला बाधत नाही, पण पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकतं.

फळाची किंमत परवडत नसेल, किंवा मोसम नसल्याने चांगलं मिळत नसेल, तर भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर वाटण लिंबू-मिरची घालून पावावर लावावं आणि वर तेच अंडं ठेवावं. शेंगदाण्यातल्या चरबीचाही जवळपास निम्मा भाग ओलेइक आम्लाचाच असतो आणि प्रथिनं तर ॲव्होकाडोपेक्षा कितीतरी जास्त. कॅलरी मात्र दाट असतात, म्हणून दीड चमच्यावर थांबावं.